उद्देश पहिला : ताक

मला तेव्हा अकरा माणसं यायची. म्हणजे त्यांचे आवाज काढता यायचे. औंधच्या शाळेत असताना हेडमास्तरांपासून सुरुवात केली. मग पी.टी.चे सर, मग घंटा देणारा शिपाई, मग आमच्या एसटीचा कंडक्टर. कंडक्टर तर असा जमला होता, की एकदा मागच्या सीटवरून मी नुसतं "चला, पुढं सरका" म्हटलं आणि खुद्द कंडक्टरच दोन पावलं पुढं सरकला. एवढी विद्या अंगात असूनही मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि मी गावी परत आलो. कडेगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं मला बारावा माणूस सापडला.

त्यांना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदावर. गावात सगळे सुभेदार म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यांना 'पलटण' म्हणायच्या. "पलटण जेवली का?" "पलटण कुठं गेली?" असं. उंच गडी, मिशी पांढरी, धोतरावर खाकी शर्ट आणि पायात फौजेतले बूट. घरासमोरच्या वाटेला दोन्हीकडनं दगड लावून त्यांना चुना फासलेला. म्हशीसुद्धा त्या वाटेनं जाताना जरा नीट चालायच्या.

बोलायच्या आधी दोनदा घसा साफ करायचे. ख्र. ख्र. आणि मग एकच शब्द, शेवटाला वर चढलेला : "कशापायी?"

सकाळी खांद्यावर खोरं टाकून कुणी निघाला की ओट्यावरनं चौकशी सुरू.

"कुठं रं?"

"मळ्याला."

"कशापायी?"

"पानी पाजायला."

"पानी कशापायी?"

"आवं, ऊस हाय न्हवं, सुभेदार."

"ऊस कशापायी?"

इथं गडी बावचळायचा. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "आवं, माज्या बापानं लावला हुता म्हनून मीबी लावतोय! झालं?" सुभेदार लय खूश. म्हणाले, "हां. हे खरं उत्तर. बाकीचे समदे मला काय तरी बनवून सांगत्यात."

एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी नवरदेवाच्या कानाला लागून विचारलं, "कशापायी?" नवरदेव घामाघूम. भटजींनी हसू दाबायच्या नादात मंगलाष्टकाचं एक कडवं गाळलं.

आमच्या तरुण मंडळाची पोरं त्यांना अध्यक्ष व्हा म्हणायला गेली होती. मीही होतो त्यात.

"मंडळ कशापायी?" सुभेदार.

"गणपतीपायी."

"आन गणपती गेल्यावर?"

"फुडल्या गणपतीपायी."

"मधले अकरा म्हैने?"

आमचा पुढारी प्रामाणिक होता. म्हणाला, "मधले अकरा म्हैने मंडळ झोपलेलं असतंय, सुभेदार."

"मग तेच लिवा की बोर्डावर."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बोर्डावर कुणीतरी खडूनं खरंच तसं लिहिलं. लय बोंबाबोंब झाली. अक्षर माझं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

घरालाही सोडलं नाही त्यांनी. एकदा काकींना समोर बसवून म्हणाले, "घराचा मकसद काय, ते ठरवून टाकू." काकी ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी पेन्शनीत आल्यापास्नं माजा येकच मकसद हाय. दिसातनं घंटाभर शांतता." दुसरा कुणी असता तर भांडला असता. सुभेदार विचारात पडले. त्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन ते अंगणातल्या लिंबाखाली तोंड मिटून बसायला लागले. त्या वेळेत कुणी हाक मारली तर मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. एकदा त्यांचीच म्हैस सुटून समोरून गेली. हे उठून मागं धावले, पण "हुर्र" म्हणून काही म्हणाले नाहीत. तीन वाजून एक मिनिटानं गावाबाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला.

असा माणूस दिसल्यावर माझ्यासारख्याच्या जिभेला खाज सुटणारच. पंधरा दिवसांत ते मला यायला लागले. फाट्यावरच्या हॉटेलात माझा खेळ लागायचा. हॉटेलवाला म्हणायचा, "गड्या, सुभेदार कर की." मग मी ख्र ख्र करून त्याच्याच भज्यांना विचारायचो, "कशापायी?" लोक लोळायचे.

एक दिवस लोक लोळायचे थांबले. एकदम सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी मागं वळून बघितलं, तर दारात खाकी शर्ट.

मला वाटलं, आता बुटाचा मार. सुभेदार आत आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "पुन्यांदा कर."

"चुकलं, सुभेदार."

"चुकलंयच. 'पायी' जरा वर गेला पायजे. तू खालीच सोडतुयास. कर पुन्यांदा."

मी केलं. "अजून." परत केलं. अख्ख्या हॉटेलसमोर माझ्याकडनं नऊ वेळा 'कशापायी' म्हणून घेतलं. दहाव्या वेळेला मान हलवली. "आता झालं. तुला माजा आवाज येतोय म्हंजी तू ध्यान दिऊन ऐकतुयास. गावात दुसरा कोन ऐकत न्हाई. उद्या सकाळी साताला रिपोट कर."

"कशापायी?" मी विचारलं. त्यांच्याच आवाजात. तोंडातनं गेलं ते गेलं.

मिशी जराशी हलली. "सोसायटी काढायचीय. तू सेक्रेटरी."

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं, दावणीला म्हशी आल्या आणि आजूबाजूच्या गावांत दूध सोसायट्या निघायला लागल्या. गावोगावचं दूध कॅनमधनं गोळा करायचं, दूध संघाचा ट्रक येऊन ते घेऊन जायचा. आपलंही दूध जावं, असं गावाला वाटत होतं. सगळ्यांत जास्त वाटत होतं आबांना. आबा म्हणजे गावातले बडे बागायतदार. त्यांच्या दावणीला आठ म्हशी. गावात दुसऱ्या कुणाकडं तीनच्या वर नव्हत्या.

पहिली बैठक शाळेच्या ओसरीत. आबा म्हणाले, "सुभेदार, उगं लांबड नगं. दूध काढायचं, कॅनमदी वतायचं. हाय काय आन न्हाय काय!"

"वतायचं. कशापायी?"

"आता झालं का सुरू!" आबांनी कपाळावर हात मारला.

सुभेदार उठले, ओसरीखालच्या मातीत काठीनं रेघा ओढायला लागले. "हे बगा. ह्यो डोंगर. डोंगर म्हंजी आपल्याला कुठं जायचंय ते. ही वाट. वाट म्हंजी तिथं जायला आपण रोज काय करत ऱ्हायचं ते. ह्यो मुक्काम. सालाभरात कुठवर पोचायचं ते. आन हे पाऊल. उद्या सकाळी साताला कोन काय करनार ते. आता तुमी काय सांगताय? कॅनमदी वतायचं. हे पाऊल झालं. पावलं समद्यास्नी सुचत्यात. डोंगर कुनी सांगतंय का?"

मागनं एकजण बारीक आवाजात म्हणाला, "शेरातल्या लोकास्नी दूध मिळावं..."

"शेर तुजं कोन लागतंय रं?"

तो बसला खाली. मग सुभेदार कधी नव्हे ते हळू बोलले. "परवा भैनीकडं गेलतो. त्यांच्या गावात सोसायटी हुन साल झालं. जेवताना ताक मागितलं, तर भैन गपच. दावनीला तीन म्हशी, आन घरात ताक न्हाई. समदं कॅनमदी. पोरं कोरड्या भाकरीवर लाल मिरची खात्यात. शेजारी हाय त्यो बिगरजनावराचा, त्येनं कुनाच्या दारात जायाचं?"

हे बोलणं सगळ्यांना समजलं. आमच्याकडं ताक विकत नाहीत. ज्याच्या घरी ताक घुसळलं त्याच्या दारात, ज्याच्याकडं जनावर नाही तो लोटा घेऊन यायचा आणि भरून न्यायचा. त्यात कुणी उपकार केले नाहीत की कुणी फेडले नाहीत. निम्मं गाव ताक-कण्यांवर वाढलेलं.

"सोसायटी काय बी करू दे," सुभेदार म्हणाले, "पर गावातलं ताक बंद पडता कामा न्हाई. ह्यो आपला डोंगर."

आबा पोट धरून हसले. "आवं, सोसायटी दुधाची आन डोंगर ताकाचा?" पण विरोध नाही केला. कागदावर काय लिहिलं, याची कुणाला फिकीर होती! वाटही ठरली. सहा दिवस दोन्ही वेळचं दूध सोसायटीला घालायचं, पण बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळचं दूध ज्याचं त्यानं घरी ठेवायचं. रात्री विरजण, शुक्रवारी सकाळी ताक.

नोंदणीला आम्ही दोघं सांगलीला गेलो. हापिसात फॉर्मवर सोसायटीचे उद्देश छापलेलेच होते, सत्तावीस. सभासदांना काटकसर शिकवणे, जातिवंत वळूंची पैदास, वैरणीची सोय, आणखी बरंच. क्लार्क म्हणाला, "खाली सह्या करा, झालं."

सुभेदारांनी चष्मा लावला आणि सत्तावीसच्या सत्तावीस वाचले. म्हणाले, "साहेब, ही कामं कोन करनार? मी का तुमी?"

"अहो, करायची नसतात. लिहायची असतात."

"पलटणीला येका टायमाला येकच टेकडी देत्यात. सत्तावीस दिल्या की पलटण जेवायला बसती." आणि खिशातनं कागद काढून पुढं केला. त्यावर माझ्या अक्षरात : उद्देश पहिला, गावातील ताक चालू ठेवणे.

क्लार्कनं कागद उलटा करून मागचीही बाजू बघितली. "ही दूध संस्था आहे ना? मग ताक कुठून आलं?"

"दुधातनंच येतं, साहेब."

तीन फेऱ्या झाल्या आमच्या. दर वेळी सुभेदार बाकावर ताठ बसायचे आणि मी चुरमुऱ्यांचा भडंग खात शेजारी. तिसऱ्या फेरीला मोठे साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी कागद वाचला, सुभेदारांकडं बघितलं, म्हणाले, "कायद्याच्या विरुद्ध काही नाही यात. पहिला हा घ्या आणि खाली छापलेले राहू द्या." परत येताना एसटीत सुभेदार म्हणाले, "बाकीचे सत्तावीस तू पाठ कर. ह्यो येक मी संबाळतो."

सुभेदार चेअरमन, मी सेक्रेटरी. सोसायटी चालली, आणि झकास चालली. सकाळ-संध्याकाळ रांग लागायची. मी लॅक्टोमीटर बुडवून ऐटीत बघायचो आणि पाणी सापडलं की सुभेदारांच्या आवाजात विचारायचो, "पानी कशापायी?" त्या आवाजाला लोक भ्यायचे. माझ्या स्वतःच्या आवाजाला कुत्रंही भीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गावभर रवीचा आवाज घुमायचा आणि बोळाबोळानं लोटे घेऊन माणसं निघायची. फक्त आबांच्या घरी रवी गप. त्यांचं बेस्तरवारचं दूध गुपचूप फाट्यावरच्या हॉटेलात जायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण आबांना बोलणार कोण?

दोन वर्षांनी संघाचं पत्र आलं. बेस्तरवारी संध्याकाळी तुमच्याकडं गाडी मोकळी येते आणि मोकळी जाते. दूध रोज द्या, थोडं का होईना. जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून तुमच्या गावाला गाडी बंद.

गाडी बंद म्हणजे सोसायटी बंद. एक म्हैस, दोन म्हशी अशी कितीतरी घरं त्या दुधावर उभी राहिलेली. आबा माझ्याकडं आले. "सेक्रेटरी, ठराव लिव. पयला उद्देश काढून टाका. सालाच्या सभेत आनू. सुभेदार बेस्तरवार सोडनार न्हाईत, आन त्येंच्या ताकापायी गाव बुडंल."

मी लिहिला. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. शिवाय ट्रकवर भेटणारे बाकीच्या गावांचे सेक्रेटरी मला 'ताक्या' म्हणायचे, त्याचा वैताग आला होता. सुभेदारांना दाखवला, तर त्यांनी वाचून परत दिला. एवढंच म्हणाले, "सभेत बोलू."

पण सभेत बोलणार कसे? त्यांचे दात कधीचे दुखत होते. सभेच्या दोन दिवस आधी कराडला डॉक्टरकडं गेले. डॉक्टर म्हणाला, आज दोन काढू, पुढच्या आठवड्यात दोन. हे म्हणाले, "रोज थोडी थोडी माघार जमायची न्हाई. समदे काढा." एकदम बोळकं होऊन आले. नवी कवळी तीन आठवड्यांनी. तोंडाला टॉवेल लावून ओट्यावर बसले आणि पाटीवर लिहून दाखवलं : 'बोळक्या तोंडानं हुकूम देत नाहीत. दात येईपर्यंत बोलणार नाही.'

काकी म्हणाल्या, "यमाई पावली. घंटाभर मागितला हुता, तीन आठवडं दिलं."

सभा दुपारची, शाळेच्या ओसरीतच. सगळे सभासद आलेले. बिगरजनावराची माणसं सभासद नव्हती, त्यांना मत नव्हतं. ती खाली अंगणात उभी होती, बायका भिंतीच्या कडेला. त्यांच्यात काकी आणि आबांची म्हातारी आईही. सुभेदार खुर्चीत ताठ, तोंडावर टॉवेल, मांडीवर पाटी.

मी ठराव वाचला. आबांनी पाठिंबा दिला, आणि चांगला दिला. "मी काय ताकाचा दुश्मन न्हवं. पर गाडी बंद पडली तर ताक बी न्हाई आन दूध बी न्हाई. सांगा कुनी, हे खोटं हाय का?" खोटं नव्हतं. माना हलायला लागल्या.

"आता चेअरमन," कुणीतरी म्हणालं.

सुभेदार उठले. काठी माझ्याकडं केली, मग स्वतःच्या गळ्याकडं. पाटीवर लिहिलं आणि मला दाखवलं : 'माझ्या आवाजात बोल.'

"काय बोलू?" मी कुजबुजलो.

त्यांनी पुसून परत लिहिलं : 'तुला येतं.'

मी उभा राहिलो. ख्र. ख्र. "कशापायी?"

ओसरी हसून फुटली. अंगणात बायकाही हसल्या. खरं सांगतो, मीही चेष्टेनंच सुरुवात केली. म्हणालो, "सेक्रेटरीनं ठराव बरा लिवलाय. अक्षर चांगलं हाय. डोस्कं वापरल्यालं दिसत न्हाई." परत हशा. मला चेव आला. "आन पाठिंबा कुनी दिला? आबांनी. आबा, तुमी कशापायी? तुमच्या घरी ताक कंदी हुतं, जे बंद पडंल?"

हसणं जरा कमी झालं. आबा म्हणाले, "ए, नीट बोल!"

"मी सुभेदार बोलतुया." आणि तिथं मला कळलं, की मी थांबू शकत नाही. त्या आवाजाला थांबायची सवयच नव्हती. "आठ म्हशींच्या घरातलं येक मानूस दर शुकीरवारी येका म्हशीच्या घराच्या मागल्या दारात लोटा घिऊन उबं ऱ्हातंय. नाव सांगत न्हाई."

ते एका म्हशीचं घर आमचं होतं. आठ म्हशींचं घर गावात एकच होतं. माझ्या स्वतःच्या आवाजात हे मी मरेपर्यंत बोललो नसतो.

आबा उठले होते, ते तसेच उभे राहिले. भिंतीकडं बघितलं. "आये?"

म्हातारीनं पदर नीट केला. "मग काय करू? बिगरताकाची भाकर गिळत न्हाई मला. तुला इचारायला गेलं की तू लिटर मोजत असतुयास."

आबांना खरंच माहीत नव्हतं. तोंडावरनंच दिसत होतं. खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाईट वाटायला लागलं होतं, पण तेवढ्यात मागनं एकजण उठला. "सुभेदार," त्यानं मलाच हाक मारली, बघा, "समदं खरं. पर गाडीचं काय? एक म्हैस हाय माज्याकडं. गाडी गेली तर मी काय करू?"

झालं. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. सुभेदारांकडं तरी कुठं होतं? ते बेस्तरवार धरून बसलेले. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पाटी उचलली नाही.

मग मी त्यांच्यासारखा विचार करायला गेलो. आवाज काढताना आपोआप होतं ते. मिशीवरनं हात फिरवला, तिथं मिशी नव्हती तरी. आणि तोंडातनं आलं, "डोंगर हालत न्हाई. पर बेस्तरवार ह्यो डोंगर न्हवं. ती वाट हाय. वाट बदलत्यात. बेस्तरवार काढून टाका."

काठी जमिनीवर एकदा आपटली. सुभेदारांची. हे ते कधीच बोलले नव्हते. पण आता मागं कसं फिरणार!

"गावात आळ्या किती? सात. दिवस किती? सात. रोज सांजच्याला येका आळीनं दूध घरी ठेवायचं, सहा आळ्यांनी घालायचं. गाडी रोज भरंल. आन ताक बी रोज हुईल, आज ह्या आळीत, उद्या त्या. आठवड्यातनं येकदा लोटा घिऊन पळायचं कारन न्हाई." मग मात्र माझा आवाज फुटला आणि मी माझ्याच आवाजात म्हणालो, "म्हणजे... असं मला वाटतं."

कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. सगळे सुभेदारांकडं.

त्यांनी पाटी खाली ठेवली. टॉवेल काढला, घडी केली, खांद्यावर टाकला. मिशीखाली सगळं आत गेलेलं, एकदम वेगळाच माणूस. साऱ्या गावासमोर त्यांनी तोंड उघडलं. "मंजूर," म्हणाले. शब्दात निम्मी हवाच होती, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला.

कुणी हसलं नाही. भिंतीकडनं काकींचा आवाज आला, "आता झाकू नगा. बरं दिसताय."

मग मात्र सगळे हसले, आणि ते बोळकंही. ठराव मीच फाडला. पहिली पाळी कुठल्या आळीची, यावर चिठ्ठ्या टाकायचं चाललं होतं, तर आबा म्हणाले, "चिठ्ठ्या नगं. आमच्या आळीची." आणि आईला हाताला धरून घरी घेऊन गेले.

त्या संध्याकाळी आठ म्हशींचं दूध पहिल्यांदा घरात राहिलं. आबांच्या घरी एवढं विरजायला भांडी नव्हती, बायका गल्लीतनं गाडगी मागत फिरत होत्या.

सकाळी मी गेलो, तर आबांच्या दारापासून रांग. आत म्हातारी रवीच्या दोरीला धरून बसलेली, सुनांना हात लावू देत नव्हती. दारात आबा स्वतः, बाह्या वर करून, मोठ्या पितळी तांब्यानं ओतत होते. "मीठ घालू का? घरी घालताय? बरं. फुडं चला." सकाळपासनं अंगावर निम्मं ताक सांडलेलं.

रांगेत सुभेदार होते. घरात म्हैस असूनही लोटा घेऊन ताठ उभे. नंबर आला तसा त्यांनी लोटा पुढं केला. आबांनी भरला. सुभेदारांनी तिथंच एक घोट घेतला, मिशी पुसली.

"पातळ हाय," म्हणाले.

"पातळ हाय?" आबा तडकले. "आवं, आठ म्हशींचं हाय! पर रांग बगा की मागं केवडी हाय!"

सुभेदार मागं वळले. रांग बोळ संपवून चावडीकडं वळली होती आणि अजून माणसं येत होती.

"मग बराबर हाय," म्हणाले आणि लोटा तिथंच उभ्यानं रिकामा केला.